मुंबईचा उन्हाळा नागपूरच्या रांगेत नको

महोदय,

एप्रिल-मे महिन्यांत आपल्या दैनिकात राज्यातील शहरांचे कमाल तापमान एका रांगेत छापले जाते. नागपूर ४२, मुंबई ३४. वाचणाऱ्याला वाटते, मुंबईकर सुटले. हा समज जिवावर बेतू शकतो.

थर्मामीटरच्या फुग्याला ओले फडके गुंडाळले की पाण्याची वाफ होताना पारा खाली येतो. हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर तो साधारण २२ पर्यंत उतरतो. ३४ अंश आणि ७० टक्क्यांना मात्र २९ वरच अडतो. अंगावरच्या घामाचेही हेच होते: तो निथळतो, पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीर थंड करत नाही. विदर्भात वाळ्याचा कूलर खोली गार करतो. मुंबईत तोच कूलर दमटपणा वाढवतो, तो याच कारणाने.

भारतीय हवामान विभागाने ही भौगोलिक तफावत कधीच मान्य केली आहे. उष्णतेच्या लाटेसाठी कमाल तापमान मैदानी भागात किमान ४०, किनारपट्टीवर ३७, डोंगराळ भागात ३० अंश हवे, शिवाय ते सहसा त्या ठिकाणच्या त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त हवे. त्यामुळे मार्चमध्ये सांताक्रूझला ३८ ही लाट ठरू शकते. मे महिन्यात नागपूरला ४२ हा नेहमीचा उन्हाळा असतो. बातमीत नुसता आकडा येतो, सरासरीपासूनचा फरक क्वचितच.

मुंबईचा पारा अचानक का चढतो, हेही लोकांना कळायला हवे. सकाळी जमिनीवरून पूर्वेचे कोरडे, तापलेले वारे येत असतात. दुपारच्या सुमारास समुद्रावरचे वारे स्थिरावले की पारा थांबतो. ते दोन-तीन तास लांबले की सांताक्रूझ तापते. पाण्याने वेढलेला कुलाबा बराच कमी तापतो. मुलुंड-ठाण्याकडे तर समुद्री वारे आणखी उशिरा पोहोचतात, आणि तिथल्या माणसाला कुलाब्याच्या आकड्याचा काहीच उपयोग नाही.

म्हणून विनंती अशी, की कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन्ही वेधशाळांचे कमाल-किमान तापमान, सरासरीपासूनचा फरक आणि सकाळी साडेआठ व सायंकाळी साडेपाचची आर्द्रता रोज द्यावी. हे आकडे वेधशाळेतल्या सावलीतल्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीतले असतात, ही ओळही सोबत हवी. उन्हातल्या बांधकामावर किंवा लोकलच्या फलाटावर उकाडा याहून जास्त जाणवतो. किमान तापमान तर ठळक छापावे. रात्री पारा २८ च्या खाली आला नाही, तर पत्र्याच्या घरात झोपणाऱ्याच्या शरीराला दिवसभराचा ताण उतरवायला वेळच मिळत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याला अधिक बाधते.

– एक वाचक, मुलुंड (मुंबई)