गाडी नसलेल्यांनाही जागा द्या

वांद्रे-कुर्ला संकुलात एका मॉलच्या गच्चीवर २०२१ पासून ड्राइव्ह-इन, म्हणजे आपल्या गाडीत बसूनच मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहायचे, चित्रपटगृह सुरू आहे. परवा मुलगा आम्हा दोघांना हौसेने तिथे घेऊन गेला. गाडीतल्या एफएमवर संवाद ऐकू येऊ लागले आणि मला वांद्र्याचे जुने ड्राइव्ह-इन आठवले. १९७७ मध्ये सुरू झालेले ते चित्रपटगृह २००३ मध्ये बंद पडले.

त्या काळी शेजारच्या काकांच्या प्रीमियर पद्मिनीत आम्ही सातजण दाटीवाटीने बसायचो. आई स्टीलच्या डब्यात तिखट पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी घ्यायची. पावसाची सर आली की वायपर चालू, आणि काचेवरून पाणी निथळताना नायक-नायिकाही विरघळून जायच्या. चित्रपट कोणता होता ते आठवत नाही, पुऱ्यांचा वास मात्र अजून नाकात आहे.

पण आमची स्वतःची गाडी नव्हती. काका नसते, तर हे सुख आमच्या वाट्याला आलेच नसते. अहमदाबादेत १९७३ पासून असलेल्या ड्राइव्ह-इनमध्ये गाडीशिवाय येणाऱ्यांचीही सोय आहे. घरचे डबे आणि चादरी घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे तिथे जातात. आपल्याकडे महापालिकेने निदान हिवाळ्यात, महिन्यातून एका शनिवारी, एखाद्या मैदानावर असा पडदा लावावा. पुढच्या रांगा सतरंजी घेऊन येणाऱ्यांसाठी राखाव्यात, गाड्या मागे उभ्या राहू द्याव्यात.

– एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले