बहामातील ‘पहिल्या महिला’ आणि अपुरा राहिलेला हक्क

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिनाच्या सुमारास वृत्तपत्रांतून देशोदेशीच्या ‘पहिल्या महिलां’च्या चौकटी छापून येतात. बहामा बेटांचे नाव त्यांत क्वचितच दिसते. आपल्या वाचकाला तो देश समुद्रकिनारे, करबुडवे आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीच्या अंतिम रेषेवर अंग झोकून देऊन सुवर्णपदक जिंकणारी शॉने मिलर, एवढ्यापुरताच ठाऊक असतो. जेमतेम चार लाख वस्तीच्या या देशातील स्त्रियांची हकीकत चौकटीत मावणारी नाही, म्हणून हे पत्र.

तेथील मताधिकाराच्या मागणीची सुरुवात तशी घरातच झाली. १९४९ च्या निवडणुकीत रूफस इंग्राहम यांनी सभागृहातील जागा गमावली, तेव्हा बायकांना मत असते तर निकाल वेगळा लागला असता, असे त्यांच्या पत्नी मेरी यांच्या मनाने घेतले. जॉर्जियाना सिमोनेट, युजेनिया लॉकहार्ट, मेबल वॉकर अशा सहकारी त्यांना मिळाल्या आणि लॉजमधल्या (परस्परसाहाय्य करणाऱ्या संघटनेतल्या) ओळखींच्या बळावर अर्जांवर सह्या गोळा होऊ लागल्या. १९५८ च्या सार्वत्रिक संपानंतर, म्हणजे १९५९ मध्ये, सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले. स्त्रिया तेवढ्या वगळल्या गेल्या. त्याच वर्षी १९ जानेवारीला याच चळवळीतल्या डोरिस जॉन्सन स्त्रियांची बाजू मांडण्यास गेल्या, तर सदस्य नसलेल्या व्यक्तीला सभागृहात बोलता येत नाही, अशी अडचण निघाली. अखेर सभागृह तहकूब झाले, सदस्य उठून मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात जाऊन बसले आणि जॉन्सनबाईंनी तेथे भाषण केले. नियमही पाळला गेला आणि भाषणही झाले! कायदा १९६१ मध्ये संमत झाला व २६ नोव्हेंबर १९६२ रोजी स्त्रियांनी प्रथमच मतदान केले. त्या निवडणुकीत त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पक्षाला मते जास्त मिळूनही जागा कमी मिळाल्या आणि खुद्द जॉन्सन एल्युथेरा बेटावर पराभूत झाल्या. पुढे याच जॉन्सनबाई सिनेटच्या अध्यक्ष झाल्या.

नंतरच्या पदांची यादी भराभर वाढत गेली. १९८२ मध्ये जॅनेट बॉस्टविक सभागृहावर निवडून आल्या, १९९६ मध्ये जोन सॉयर सरन्यायाधीश झाल्या, तर २००२ मध्ये आयव्ही ड्यूमॉन्ट गव्हर्नर जनरल आणि सिंथिया प्रॅट उपपंतप्रधान झाल्या. पूर्वी परिचारिका व शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका असलेल्या आणि लोकांच्या तोंडी ‘मदर प्रॅट’ झालेल्या या बाई २०२३ पासून गव्हर्नर जनरल आहेत.

आता यादीत न येणारी गोष्ट. १९७३ च्या राज्यघटनेनुसार, बहामात जन्मलेल्या विवाहित पुरुषाचे अपत्य परदेशात जन्मले तरी जन्मतः नागरिक ठरते. तेथील स्त्रीने परदेशी माणसाशी लग्न केले आणि तिचे बाळंतपण देशाबाहेर झाले, तर मात्र त्या मुलाला अठरा वर्षे थांबून अर्ज करावा लागतो. तीच स्त्री अविवाहित असेल, तर तिचे मूल नागरिक! लग्न केल्याचा हा दंड काढून टाकण्यासाठी दोनदा सार्वमत घेण्यात आले. २००२ मध्ये संसदेत पाठिंबा देणाऱ्या विरोधी पक्षाने प्रचारात मात्र ‘नाही’ म्हणा, असे सांगितले आणि दुरुस्ती फेटाळली गेली. त्याच पक्षाचे नेते पेरी क्रिस्टी यांनी पंतप्रधान या नात्याने ७ जून २०१६ रोजी तोच विषय पुन्हा लोकांपुढे ठेवला, तेव्हा घटनादुरुस्तीचे चारही प्रश्न फेटाळले गेले. त्यांतल्या एका प्रश्नाप्रमाणे भेदभावविरोधी कलमात ‘लिंग’ हा शब्द घातल्यास समलिंगी विवाहाला वाट मिळेल, अशी भीती त्या वेळी घातली गेली होती. मतदारांत स्त्रियाही होत्या, हे सोयीचे नसले तरी सांगायला हवे.

आपण यावर फार नाके मुरडू नयेत. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने मिळणारे नागरिकत्व केवळ वडिलांकडून येत होते, आणि डिसेंबर १९९२ मध्ये दुरुस्ती अमलात येईपर्यंत परदेशात संसार थाटलेल्या मराठी लेकींनाही तोच नियम लागू होता. आपल्याकडे संसदेची दुरुस्ती पुरली. बहामात ही कलमे सार्वमताखेरीज बदलत नाहीत.

पुढच्या महिला दिनी आपण सिंथिया प्रॅट यांचे छायाचित्र छापलेत, तर त्याखाली पदासोबत या दोन सार्वमतांचे निकालही छापावेत, अशी विनंती आहे.

आपली एक वाचक,
सातारा