आजीची धाबळी

लाइपझिग,
१८ जानेवारी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, वजनही उतरलेलं नाही. व्हिडिओत गाल बसलेले दिसतात ते डोक्यावरच्या दिव्यामुळे. आता आई विचारणार, मग परवा दात का वाजत होते? ते खिडकीमुळे. बाहेर उणे ५ असलं तरी इथली माणसं सकाळ-संध्याकाळ घरातल्या सगळ्या खिडक्या उघडतात. किलकिल्या नाही, सताड. आधी हीटर बंद करायचा, ५-१० मिनिटं वारा आरपार जाऊ द्यायचा, मग बंद. नाहीतर श्वासाची, आंघोळीची, कुकरची वाफ भिंतीवर बसते, बुरशी धरते आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी. माझ्या भाडेकरारात चक्क तसं कलम आहे. पहिल्याच महिन्यात घरमालकीणबाई वर आल्या, फोडणीचा वास घेतला आणि एक शब्द न बोलता खिडकी उघडून उभ्या राहिल्या. त्या कोटात, मी शालीत. दोघी गप्प. आता मीच उघडते.

बाबा, शेजारच्या काकूंना 'ती हाडं उकरते' असं सांगू नका. उकरणारे वेगळे. माझ्यापर्यंत येते ती जुन्या हाडांची फक्त ५० मिलिग्रॅम भुकटी, चिमूटभर हळदीहूनही कमी. तिच्यातून मी डीएनए काढते. सांगायचंच तर सांगा, की २०२२ चं वैद्यकाचं नोबेल याच कामासाठी याच गावातल्या स्वांते पेबोंना मिळालं. आणि नाही, रोगबिग काही लागत नाही. उलट त्या हाडांना माझं काही लागू नये म्हणून सगळा खटाटोप. हजारो वर्षांच्या त्या डीएनएत माझी एक शिंक पडली, तर डीएनए वाचणारं मशीन मलाच वाचत बसेल. म्हणून अंगभर सूट, मास्क, हातमोज्यांचे दोन जोड. टेबल ब्लीचनं पुसायचं. नाक खाजलं तरी हात लावायचा नाही. सोवळ्याची लोकरी धाबळी नेसलेली आजी 'शिवू नकोस गं' म्हणून ओरडायची, तेव्हा मी मुद्दाम बोट लावून पळायचे. आता माझ्याजवळून कुणी गेलं तरी मीच अंग चोरते.

मशीनला डीएनए तसाच देऊन चालत नाही. ताज्या रक्तातला लांबलचक असतो, तो आधी तोडावा लागतो. माझा काळानंच तोडलेला, बहुतेक तुकडे १०० अक्षरांच्याही आतले. त्यांच्या दोन्ही टोकांना अ‍ॅडॅप्टर, म्हणजे ठरावीक डीएनएचे छोटे तुकडे, जोडायचे, मशीन त्यांनाच धरतं. शिवाय प्रत्येक नमुन्याला वेगळा बारकोड. आपण पातेल्यांवर नावं घालून घेतो ना, तसंच. कार्याला दहा घरची भांडी एकत्र घासली तरी कुणाचं कुठलं ते कळतं. मग काकवीच्या रंगाचे चुंबकीय मणी घालून धुवायचं. डीएनए मण्यांना धरून राहतो. नळी चुंबकाला टेकवली की मणी कडेला चिकटतात, पाणी नितळ. ८० टक्के इथेनॉलनं दोनदा धुवून वाळवायचे, पण बेतानं. जास्त वाळले तर तळ्यातल्या गाळासारख्या भेगा पडतात आणि डीएनए सुटता सुटत नाही.

प्रत्येक बॅचबरोबर एक कोरी नळी चालवतात, आत हाडाचा कणही नाही. तिच्यात काही निघता कामा नये. नोव्हेंबरात निघालं. अख्खी बॅच टाकावी लागली, चूक माझीच. त्या सकाळी तुम्ही आजीच्या अस्थी घेऊन कृष्णेवर गेला होतात आणि मी आत मास्क ओला करत उभी होते. असो. नंतरच्या दोन्ही बॅच चोख निघाल्या.

बाबा, हरियाणातल्या राखीगढीचं, त्या हडप्पाकालीन गावाचं, २०१९ चं कात्रण अजून आहे का? डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे सरांच्या उत्खननातलं. साठाहून जास्त नमुने तपासले, डीएनए हाती लागला एकाच बाईचा. उष्णतेत टिकत नाही तो. इथल्या थंडीचा एवढा तरी उपयोग.

६० हजार पाठवलेत. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घ्या, माझ्या नावानं एफडी करू नका. चिंचवडच्या स्थळाचा फोटो पाहिला. बरा दिसतो. रविवारी बोलेन, पण 'परत कधी येणार' हाच पहिला प्रश्न असेल तर माझ्याकडे उत्तर नाही, हे आधीच सांगून ठेवा. दादाचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं म्हणता, ते बरोबरच आहे. मेमध्ये १० दिवसांची रजा मागितली आहे. तिकीट अजून काढलेलं नाही, पण रोज बघते. ह्या वेळी नक्की.

आई, तू कपाट आवरायला काढलंयस असं दादा म्हणाला. आजीची धाबळी बोहारणीला देऊ नकोस. इथं पांघरायला होईल.

तुमची,
छकुली