डिझेल गाड्याही जपल्या पाहिजेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील लोहमार्गांचे विद्युतीकरण होत असताना डिझेल गाड्यांचे दिवस भरत आले आहेत. पण त्यांतील एखादी तरी चालत्या स्थितीत जपावी असा विचार फारसा ऐकू येत नाही, याची मनापासून खंत वाटते. ब्रिटनमध्ये १९५६ पासून बांधलेल्या, पुढे ‘क्लास १०१’ म्हणून ओळखल्या गेलेल्या डिझेल पॅसेंजर गाड्या २००३ पर्यंत नियमित सेवेत होत्या. मोटर डब्याच्या, म्हणजे स्वतःचे इंजिन असलेल्या डब्याच्या, तळाशी, बसची असावीत तशी, १५० अश्वशक्तीची दोन इंजिने, चालकाने हाताने बदलायचे चार गिअर, आणि त्याच्या पाठीमागच्या काचेतून पहिल्या बाकावरील प्रवाशाला थेट दिसणारे समोरचे रूळ! यांतील कित्येक गाड्या तेथील, जुन्या गाड्या जपणाऱ्या वारसा रेल्वेमार्गांवर स्वयंसेवक आजही हौसेने चालवतात.

आपल्याकडे लातूर-कुर्डुवाडी ही बार्शी लाइट रेल्वेची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी, मार्ग ब्रॉडगेज (रुंद) होताना कायमची गेली. लहानपणी वडिलांसोबत त्या गाडीने जाताना डिझेल इंजिनाच्या थरथरीने खिडकीची झडप सतत वाजत असे. तो आवाज अजून कानात आहे. स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभे केलेले, रंग उडालेले इंजिन पाहून तो अनुभव नव्या पिढीला कसा कळणार?

रेल्वे प्रशासनाने पूर्णा किंवा परभणी येथे एक डिझेल इंजिन आणि तीन-चार जुने डबे चालू स्थितीत ठेवून सुटीच्या दिवशी थोड्या अंतराची फेरी चालवावी. निवृत्त लोको पायलट आणि मेकॅनिक अजून आपल्यात आहेत, तोवरच हे करता येईल.

– एक वाचक, परभणी