बाड्यावरच्या त्या दोघांना, आणि सिस्टर तुम्हालाही

परवा दुपारी ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर माझा धाकटा भाऊ तोल जाऊन पडला. हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. लोक दारुडा समजून पुढे जात होते. तुम्ही दोघं थांबलात. खिशातली औषधाची चिठ्ठी वाचून मला फोन केलात, टेंपोत घालून थेट दवाखान्यात नेलंत.

तो बरीच वर्षं लिथियम हे मनाच्या आजारावरचं औषध घेतो. जुलाबांनी अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की हे औषध रक्तात साठून विषासारखं भिनतं. सिस्टर, 'मानसिक पेशंट आहे' म्हणून तुम्ही त्याला ताटकळत ठेवलं नाहीत. आधी रक्त तपासायला पाठवलंत.

काल त्याने स्वतःच्या हाताने चहाचा कप धरला. आई बघतच राहिली.

नावं विचारायची राहूनच गेली. कुणी ओळखत असाल, तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा.