हॉस्टेलच्या खोलीतल्या सुया

प्रिय सोहम,
अनेक आशीर्वाद.

काल बोलता बोलता तू म्हणालास की इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया खोलीतल्या डस्टबिनमध्येच टाकतो, टोपण लावलेलं असतं. इथे घरी ते सगळं मीच बघायचे, त्यामुळे तुला कधी विचार करावा लागला नाही. आता करावा लागेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

दिवसाला चार इंजेक्शनं म्हणजे वर्षाला 1,460 सुया, साखर तपासायला बोट टोचायच्या लान्सेट वेगळ्याच. टोपणाच्या भरवशावर राहू नकोस. पिशवी दाबली, आपटली की टोपण निसटतं, आणि 4 मिलिमीटरची सुई कागदाच्या कपट्यांत दिसतसुद्धा नाही. तुझी डस्टबिन सफाईच्या मावशी रिकामी करतात. पुढे तो कचरा हातानेच निवडला जातो. पुण्यात हे काम बहुतेक बायकाच करतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 मध्ये उभी राहिली ती याच कष्टकऱ्यांची, आणि कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या बायका आजही दारोदार जाऊन कचरा घेतात.

तू म्हणशील, माझ्या रक्तात कुठला संसर्ग नाही. नाही, मला माहीत आहे. पण जिच्या बोटात सुई जाईल तिला ते कुठून कळणार? सुईवर नाव नसतं. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, सगळ्याच शंका तिच्या मनात येणार. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा टिकतो. मग तपासण्या, बुडालेली मजुरी, काही आठवड्यांनी पुन्हा रक्त देणं, आणि तोवर घरी मुलांना जवळ घेतानाही धास्ती. आजार झाला नाही तरी एवढं सगळं तिच्या वाट्याला येतं, आणि मला तेच सहन होत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतही वापरलेल्या सुया ‘घरगुती घातक कचरा’ म्हणूनच धरल्या होत्या.

तेव्हा आजच कपडे धुवायच्या लिक्विडची किंवा फिनेलची रिकामी बाटली घे, जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार जाते. काचेची तर नकोच. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘वापरलेल्या सुया, उघडू नये’ असं लिही. इंजेक्शन झालं की बाहेरचं मोठं टोपण लावून सुई इन्सुलिन पेनवरून फिरवून काढ आणि सरळ बाटलीत टाक. आतलं छोटं टोपण परत बसवायला जाऊ नकोस, बोटाला टोचतं ते तिथेच. सुई पेनवर तशीच ठेवायची नाही. हवा आत जाते, इन्सुलिन गळतं, डोस चुकतो. आणि एकच सुई पुन्हा पुन्हा वापरून पैसे वाचवायचे नाहीत. पोटावर गाठी धरतात आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही. सुयांचे पैसे मी पाठवेन.

बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळ. ती भंगारात किंवा सुक्या कचऱ्यात जाता कामा नये, आणि सुया संडासात टाकून पाणी सोडणं तर मुळीच नको. रूममेटलाही बाटली दाखवून ठेव. कुणाला सुई टोचलीच तर बोट चोखू नये, दाबून रक्त काढू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावं आणि तडक ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात जावं. एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकं बरं.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा भरलेली बाटली घेतात का, ते तिथल्या सिस्टरना विचार. दवाखान्यांकडे सुयांचा कचरा नेणारी वेगळी गाडी येते. नाही म्हणाले तर दिवाळीला येताना बॅगेत सरळ उभी ठेवून घेऊन ये, आपल्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवते.

तुझी,
आई