यूकॅट या ब्रिटनमधल्या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या तयारीबद्दल

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, व्हर्बलमध्ये वेळच पुरत नाही." नाहीच पुरणार. उताऱ्यांच्या त्या भागात ४४ प्रश्न आणि २२ मिनिटं. प्रश्नामागे अर्धं मिनिट, आणि त्यातच उतारा वाचायचा. गणित सुटल्याशिवाय जेवायला न उठणारा मुलगा तू. त्याचं आम्ही कौतुकच केलं, पण या परीक्षेत ती चिकाटी तुझ्या मुळावर येईल. व्हर्बलमधल्या अवघड प्रश्नाला दोन मिनिटं दिलीस तरी मिळणार एकच गुण, आणि तेवढ्यात पुढचे सोपे तीन-चार राहून जाणार.

तेव्हा आता प्रश्न अर्धवट टाकून पुढे जाण्याचा सराव कर. चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून रिकामं काहीच ठेवायचं नाही. अंदाजाने एक पर्याय निवड, ऑल्ट-एफ दाबून नंतर बघण्यासाठी खूण कर, ऑल्ट-एनने पुढे सरक. सुरुवातीला जीव तुटेल तुझा, माहीत आहे मला. सराव मोबाइलवर लोळत नको. संगणकावर, घड्याळ लावून, स्क्रीनवरचाच कॅल्क्युलेटर वापरून कर. यूकॅटच्या अधिकृत साइटवर सराव परीक्षा फुकट आहेत, त्या आधी संपव. क्लासचं नंतर बघू. आणि तुला मिळालेल्या जुन्या पुस्तकांतला आकृत्यांचा भाग सरळ वगळ, २०२५पासून तो परीक्षेत नाही.

सिच्युएशनल जजमेंट, म्हणजे अमुक प्रसंगी कसं वागावं हे विचारणारा भाग, तुला सोपा वाटतो, तिथेच मला धाकधूक आहे. सहकाऱ्याची चूक दिसली की तू पोटात घालशील, मैत्री सांभाळशील. तिथे रुग्णाची सुरक्षितता आधी येते. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने डॉक्टरांसाठी दिलेली मार्गदर्शक तत्त्वं एकदा सावकाश वाच. ते वाचन पुढे मुलाखतीलाही कामी येईल.

वर्षातून एकदाच बसता येतं, त्यामुळे तारीख सप्टेंबरच्या शेवटापर्यंत लांबवू नकोस. कॉलेजांच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर आहे. गुण हातात आल्यावर कुठे अर्ज करायचा हे ठरवायला निवांत वेळ हवा. प्रत्येक कॉलेज हे गुण वेगळ्या पद्धतीने धरतं.

आणि हो, नोंदणीतलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी ताडून पाहा. बाबांचं नाव मधे कुठे घातलंयस आणि कुठे गाळलंयस, याचा तुझा नेहमीचा घोळ असतो. आज रात्रीच बघ आणि मला मेसेज कर.

तुझी,
आई